पानठेल्याच्या कॅमेऱ्यातला व्हिडिओ कोर्टात चालते का?

प्रश्न: भाऊ, परवा रात्री लक्ष्मीभवन चौकाजवळ एका कारवाल्यानं मामाची मोपेड उडवली, पायाला प्लास्टर. तो उतरला तेव्हा दरवाजा धरूनच उभा, पायात एकच चप्पल, सगळं पानठेल्याच्या कॅमेऱ्यात आलं. एवढ्यावर दारूची केस होते ना?

उत्तर १: नाही होत ना बे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ले 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल लागते, ते ब्रेथ ॲनालायझर नाहीतर रक्ताच्या टेस्टमध्ये आलं पाहिजे. व्हिडिओत झोकांड्या दिसतात, आकडा नाही दिसत. पण गाडी कोण चालवत होतं ते व्हिडिओच सांगते, नाहीतर नंतर लोक घरचा ड्रायव्हर उभा करतात.

उत्तर २: आधी डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवते तो डबा) सांभाळा, जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जाते. व्हॉट्सॲपवर फिरलेली क्लिप तशीच कोर्टात टिकत नाही, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं (पुराव्याचा नवा कायदा) कलम 63 आहे (आधीच्या कायद्यातलं 65ब), त्यात सर्टिफिकेट लागते अन् हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा) पण टाका लागते. ठेलेवाल्याची सही लागन, त्याले खुश ठेवा 😄

प्रश्नकर्ता: ठेलेवाला म्हणते रेकॉर्डिंग सातच दिवस राहते, सकाळीच जातो. रक्त घेतलं का ते पण ठाण्यात विचारतो.