अळीच्या पोटावरचे काटे

‘जर्मन जीवशास्त्रज्ञ क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड यांना १९९५चे वैद्यकशास्त्राचे नोबेल माशा मोजून मिळाले’ हे विधान गमतीचे असले तरी अपुरे आहे. रेण्वीय जीवशास्त्रात डॉक्टरेट मिळवल्यावर त्या फळमाशीकडे वळल्या आणि जर्मनीतील हायडेलबर्गला सहकारी एरिक विशाउस यांच्यासोबत, दोघांना एकाच वेळी पाहता येईल अशा सूक्ष्मदर्शकाखाली, उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेल्या) वाणांचे भ्रूण तपासत बसल्या. माशीच्या अळीच्या पोटावरील काट्यांचे पट्टे नेमके कुठे बिघडतात, यावरून शरीराचे खंड पाडणारी १५ जनुकस्थाने (गुणसूत्रांवरील जनुकांच्या जागा) त्या दोघांनी १९८० साली मांडली. एका जनुकाच्या बिघाडात पट्ट्यांऐवजी सलग काटेच दिसतात, म्हणून त्या जनुकाचे नाव ‘हेजहॉग’, म्हणजे अंगभर काटे असलेला एक छोटा प्राणी (नामकरणात हे लोक भलतेच रसिक!). त्याच जनुकाचे भाईबंद पुढे पृष्ठवंशीय प्राण्यांत सापडले आणि बोटांची मांडणी ठरवण्यातही त्यांचा हात असल्याचे दिसले.