हरणारी शहरे: खेळ हा आधार आहे की पट्टी वसूल करण्याचे निमित्त?

टिळकवाडीकर

रविवारी कट्ट्यावर आरसीबीच्या जुन्या पराभवांच्या आठवणी निघाल्या, तेव्हा एका मित्राने अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहराचे उदाहरण दिले. कारखाने गेले, माणसे गेली, संघ हरत राहिला, तरी लोक संघामागे उभे राहिले. खेळ हाच गरीब शहराचा आधार असतो, असे त्याचे म्हणणे. मला ते पटले नाही, म्हणून हा धागा.

ओहायो राज्यातल्या या शहराची लोकसंख्या 1950 मध्ये नऊ लाखांवर होती, ती 2020 मध्ये पावणेचार लाखांच्या आत आली. डिसेंबर 1978 मध्ये बँकांचे देणे थकले आणि शहराच्या कारभाऱ्यांनी हात वर केले. 1930 च्या दशकातल्या मंदीनंतर ही वेळ आलेले ते अमेरिकेतले पहिले मोठे शहर. खेळातही तेच. ब्राउन्स हा अमेरिकी फुटबॉलचा संघ 1964 मध्ये विजेता ठरला, त्यानंतर 2016 पर्यंत शहराच्या एकाही मोठ्या व्यावसायिक संघाला अजिंक्यपद मिळाले नाही.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की करुण कथा आपोआप तयार होते, पण तिच्यातला व्यवहार कोणी सांगत नाही. 1990 मध्ये तिथल्या मतदारांनी दारू आणि सिगारेटवर जादा कर स्वीकारला, त्यातून बेसबॉल आणि बास्केटबॉलची मैदाने उभी राहिली. नोव्हेंबर 1995 मध्ये ब्राउन्सच्या मालकाने संघ बाल्टिमोरला नेण्याची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी फुटबॉलच्या मैदानासाठी त्याच कराची मुदत वाढवण्याच्या बाजूने लोकांनी मत दिले. संघ गेला, कर राहिला. याला आधार म्हणायचे का?

खानापूरचा शिक्षक

सर, आपला हिशोब बिनचूक आहे, पण लोक खेळाकडे हिशोबाने जात नाहीत. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराचे पाहा. शेजारच्या लॅकावाना येथील पोलादाचा प्रचंड कारखाना 1983 मध्ये जवळजवळ पूर्ण बंद झाला आणि हजारो कामगार घरी बसले. जानेवारी 1991 मध्ये त्याच भागाचा संघ, बिल्स, अमेरिकी फुटबॉलचा अंतिम सामना 20-19 असा एका गुणाने हरला, कारण शेवटच्या क्षणी स्कॉट नॉरवुडने 47 यार्डांवरून मारलेली किक खांबांच्या उजवीकडून बाहेर गेली. संघ गावी परतला तेव्हा चौकात जमलेल्या हजारो लोकांनी नॉरवुडच्याच नावाचा गजर केला. त्यानंतरच्या तिन्ही वर्षी बिल्स अंतिम सामन्यात पोहोचले आणि तिन्ही वेळा हरले.

कारखान्याने ज्यांना एका नोटिशीत परके केले, त्यांनी चुकलेल्या माणसाला आपले म्हटले. हे कोणत्या वहीत मांडणार?

निपाणीकर

गुरुजी, गजर फुकट होता, मैदान फुकट नव्हते. त्याच बिल्सच्या नव्या मैदानासाठी न्यूयॉर्क राज्याने 60 कोटी आणि ईरी काउंटीने 25 कोटी डॉलर देण्याचे ठरवले. क्लीव्हलंडचा कर वाचून मला तर आमचा तंबाखूच आठवला. (विडी ओढणाऱ्याच्या खिशातून क्रिकेटचे मैदान बांधू म्हटले, तर निपाणीत पहिली सभा मीच घेईन.)

खासबागचा विणकर

आपण दोघेही शिकलेले आहात, म्हणून थोडे बिचकत लिहितो. 29 मे 2016 रोजी आरसीबी आणि हैदराबाद यांचा अंतिम सामना आम्ही मागाच्या शेडमध्ये पाहिला. चारही माग बंद ठेवले होते; ते चालू असले की शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही, समालोचन कुठून ऐकू येणार? 209 धावा हव्या होत्या. गेल आणि कोहलीची 114 धावांची सलामी झाली, तेव्हा धाकट्या भावाने रिकाम्या कांड्यांची टोपली पालथी घालून ढोल वाजवला. आठ धावांनी हरलो. कोणी काही बोलले नाही, भावाने कांड्या गोळा केल्या.

पुढे व्यापाऱ्याने साडीमागची मजुरी कमी केली आणि नंतर नवा ताणा देणेच बंद केले. दोन माग वजनावर भंगारात गेले. त्या दिवशी शेडमध्ये सामन्यासारखी माणसे जमली नव्हती, टेम्पोवाला आणि मी, दोघेच होतो. म्हणून दोन्ही दुःखांना एकच शब्द वापरू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

टिळकवाडीकर

दादा, माझा मुद्दा आपण माझ्यापेक्षा नीट मांडलात. आपल्याच शहराचे सांगतो. बेळगावी पँथर्स 2017 मध्ये कर्नाटक प्रीमियर लीग जिंकले. 2019 मध्ये सट्टेबाजीच्या आरोपावरून मालकाला अटक झाली, संघ निलंबित झाला, आणि 2022 मध्ये त्या लीगच्या जागी महाराजा ट्रॉफी सुरू झाली तेव्हा सहा संघांत बेळगाव नव्हते. एका अक्षरानेही आपल्याला कोणी विचारले नाही. संघ शहराचा असतो ही समजूत फक्त प्रेक्षकांची असते.

खानापूरचा शिक्षक

मालकीबद्दल मी हरलो. पण क्लीव्हलंडचा शेवट आपण गाळलात. आरसीबीच्या त्या पराभवानंतर तीनच आठवड्यांनी, 19 जून 2016 रोजी, तिथला बास्केटबॉल संघ 3-1 असा मागे पडूनही मालिका जिंकला आणि मिरवणुकीला लाखो माणसे लोटली. त्या गर्दीला कोणी फसवून आणले नव्हते.

टिळकवाडीकर

आरसीबीच्या गर्दीलाही कोणी फसवले नव्हते. 18 व्या हंगामात पहिले विजेतेपद मिळाले आणि दुसऱ्या दिवशी, 4 जून 2025 रोजी, बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेरच्या चेंगराचेंगरीत 11 जण गेले. लोकांच्या प्रेमावर माझा आक्षेप नाही. ते गृहीत धरणाऱ्यांवर आहे.

खानापूरचा शिक्षक

यावर माझ्याकडे उत्तर नाही. खासबागच्या दादांना मात्र विचारतो, माग गेल्यावर आपण सामने पाहणे सोडले का?

खासबागचा विणकर

नाही, गुरुजी. उरलेल्या दोन मागांत आता मोकळी जागा आहे, बसायला जास्त माणसे येतात. 2025 चा अंतिम सामनाही तिथेच पाहिला. भाऊ मुंबई इंडियन्सचा झाला आहे, तो आला नाही.