'टू गुड' म्हणणाऱ्या मुलांना थांबवावं का?

धागाकर्ती: मी नववीला इंग्रजी शिकवते. काल एका मुलीने निबंधात लिहिलं, 'माय ग्रँडमदर इज टू काइंड.' मी 'टू' खोडून 'व्हेरी' केलं. 'टू' म्हणजे हवं त्यापेक्षा जास्त. यात दोष मुलीचा नाही, गोंधळ आपल्या 'फार'मुळे होतो. 'चहा फार गोड झालाय' ही तक्रार, आणि 'पोर फार गोड आहे' हे कौतुक! मराठीत एकाच शब्दावर भागतं, इंग्रजीत दोन लागतात. 'फार आवडलं'वरूनच 'आय व्हेरी लाइक्ड इट' येतं. 'व्हेरी' क्रियापदाला थेट लागत नाही, 'आय लाइक्ड इट व्हेरी मच' म्हणावं लागतं. हे आत्ताच सुधारायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

प्रतिसाद १: असहमत. आमच्या ऑफिसात 'टू गुड' रोज कानावर पडतं, कुणाचं काही अडत नाही. आणि 'यू आर टू काइंड' तर इंग्रजही म्हणतातच की! 'टेरिबली', 'ऑफुली' हे मुळात भीतीचे शब्द, आज 'टेरिबली सॉरी' बिनदिक्कत चालतं. आपलं 'भयंकर आवडलं' तसंच. बोलायला लागलेल्या मुलांना अडवलंत तर ती गप्पच बसतील.

प्रतिसाद २: ताईंशी सहमत, कारण मला हे महागात पडलंय. इंग्लंडमध्ये शिकताना माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण वाचून गाइड म्हणाले, 'क्वाइट गुड.' मी त्याच रात्री घरी फोन करून सांगितलं, सरांना खूप आवडलं. पुढच्या भेटीत तेच प्रकरण नव्याने लिहायला लावलं. ब्रिटिश बोलण्यात 'क्वाइट गुड' म्हणजे बहुतेक वेळा 'बरं आहे'. अमेरिकेत ते 'व्हेरी'कडे झुकतं. त्यातही 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हटलं की अर्थ 'अगदी अशक्य'. हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर!

धागाकर्ती: @प्रतिसाद १, 'यू आर टू काइंड'चा मुद्दा चांगला काढलात. पण तिथेही 'माझ्या लायकीपेक्षा जास्त' हाच भाव आहे, समोरच्याचे आभार मानताना. आजीचं वर्णन करताना तो लागू होत नाही.

प्रतिसाद १: ठीक. पण गुण कापलेत का?

धागाकर्ती: नाही, फक्त खूण केली, आणि करत राहणार. आज फळ्यावर चहा आणि पोर ही दोन्ही वाक्यं लिहिली. त्याच मुलीने उठून तिसरं दिलं: 'द टी इज टू स्वीट, बट माय ग्रँडमदर इज व्हेरी स्वीट.'