अर्धमॅरेथॉन तोंडावर आणि नडगी दुखते : मदत हवी आहे
तीन आठवड्यांवर आलेल्या माझ्या पहिल्याच अर्धमॅरेथॉनसाठी, म्हणजे २१.१ किलोमीटरसाठी, मी आठवड्यातून चार दिवस धावतो आणि रविवारची लांब धाव आता १८ किलोमीटरपर्यंत पोहोचली आहे. मात्र दहा दिवसांपासून उजव्या नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या चार बोटे वर, दाबले की दुखते. धावताना सुरुवातीला ठणकते, मग थांबते आणि रात्री पुन्हा सुरू होते. हाडाला सूक्ष्म तडा गेल्यास एकाच जागी दुखते आणि विश्रांतीतही दुखू शकते, हे वाचल्यापासून रात्रीच्या ठणक्याचीच मला अधिक भीती वाटते. डॉक्टरांची वेळ परवाची मिळाली आहे. तोपर्यंत धावणे पूर्ण थांबवून सायकल किंवा पोहण्यावर दम टिकवता येतो का, हे अनुभवी धावपटूंनी कृपया सांगावे.