‘पुढं काय झालं?’ एवढ्यावर दुसरी कथा उभी राहते का?

साचेवाला (उद्यमबाग, बेळगाव)

मी ओतकामाच्या कारखान्यात मोल्डिंगला आहे. शिफ्ट संपली की रात्री लिहितो. नऊ वर्षांत अकरा कथा झाल्या, त्यातल्या चार दिवाळी अंकांत छापून आल्या.

दोन वर्षांपूर्वी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत चाळणीवर काम करणाऱ्या एका बाईवर दीर्घकथा लिहिली. कथेत तिला सगळे अक्का म्हणतात. शेवटी ती स्टँडवर पदर झटकते, खकाणा म्हणजे तंबाखूची बारीक धूळ उडतो, शेजारचा माणूस शिंकतो आणि ती बेळगावच्या बसमध्ये चढते. कुठं उतरते ते मी लिहिलं नाही. तिथंच कथा संपते.

आपल्याकडं हिवाळ्यात गावोगाव साहित्य संमेलनं भरतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी. अशाच एका संमेलनात कथाकथनाच्या सत्रात ही कथा वाचली. मांडवातून बाहेर पडताना एका आजीनं हात धरला. म्हणाली, “बाळा, ती बाई उतरली कुठं? पुढं काय झालं तिचं?” नंतर आणखी बऱ्याच जणांनी हेच विचारलं. ज्या अंकात कथा आली त्याच्या संपादकांनीही दुसरा भाग मागितला.

मी बसलो. सहा महिन्यांत बेचाळीस पानं झाली आणि ती आता कपाटात आहेत, कुणाला दाखवणार नाही. कारण त्यातलं एकही वाक्य बाहेरून आलेलं नाही. अक्का बेळगावात भाड्याची खोली घेते आणि निपाणी आठवत बसते. तोच खकाणा, तीच चाळणी, तोच मुकादम. मी माझीच कथा वाचून कथा लिहीत होतो.

माझं मत आता पक्कं झालंय. पहिली कथा ही दुसऱ्या कथेची प्रेरणा होऊ शकत नाही. वाचकाचं कुतूहल तर नाहीच नाही. दुसऱ्या भागाला स्वतःचा वेगळा झरा लागतो, आणि तो सापडत नसेल तर तो भाग लिहू नये, कितीही लोकांनी मागितला तरी.

आमच्या कामातलं सांगतो म्हणजे नीट कळेल. पॅटर्न एकच असतो, लाकडाचा नाहीतर ॲल्युमिनियमचा. त्यावर वाळू ठासून साचा करायचा, पॅटर्न काढून घ्यायचा, वितळलेल्या धातूचा रस ओतायचा. थंड झालं की कास्टिंग, म्हणजे ओतलेला नग, काढताना वाळूचा साचा फुटतो. तो फुटतोच. पुढच्या नगासाठी वाळू परत भिजवून, परत ठासून नवा साचा करावा लागतो. दुसरा भाग लिहिणाऱ्याला वाटतं, पॅटर्न हाताशी आहे म्हणजे अर्धं काम झालं. मलाही तसंच वाटलं होतं.

तुमचं काय मत आहे? विरोधात असेल तरी सांगा. मला हे खरोखर सोडवायचं आहे.

पारावरची वाचक (शहापूर)

तुमचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. माझं वय एकाहत्तर. कुतूहलाला तुम्ही हलकं समजलात, त्याचं वाईट वाटलं.

‘मग काय झालं?’ याच प्रश्नावर गोष्ट जगलेली आहे. माझी आई लिहायला शिकली नव्हती, पण वडील मासिकातून क्रमशः येणारी कादंबरी मोठ्यानं वाचायचे, आणि महिनाभर चुलीपुढं तिचा अंदाज चालायचा की आता ती नायिका काय करील. लेखकानं पुढचं लिहिलं ते अशा हजार चुलींमुळं. कीर्तनकार मध्यंतरात थांबतो तेव्हा एकही माणूस उठत नाही, ते कशामुळं? संतांच्या अभंगावरचा पूर्वरंग झालेला असतो आणि उत्तररंगातलं आख्यान यायचं असतं म्हणून.

दुसरं. तुम्ही अक्काला बसमध्ये बसवलंत आणि हात काढून घेतलात. कथेचा शेवट उघडा ठेवणं आणि शेवट न सुचणं यात फरक आहे. त्या आजीला तो कळला असावा. तिनं हात धरला तो कौतुकानं नव्हे, हक्कानं. एक बाई घर सोडून निघाली, रात्री कुठं राहणार, हा प्रश्न आमच्या पिढीतल्या बायकांना पडणारच. त्याला नुसतं कुतूहल म्हणू नका.

रेल्वेजवळचा (लोंढा)

मुद्दा मांडतो, थोडा लांब होईल.

‘पहिली कथा दुसरीची प्रेरणा होऊ शकत नाही’ या विधानाला जगातला सगळ्यात मोठा अपवाद स्पॅनिश आहे. सर्व्हांटेसच्या ‘डॉन किहोटे’चा पहिला भाग 1605 साली आला. तो गाजला. दुसरा भाग यायला दहा वर्षं लागली, आणि मध्येच 1614 साली आवेयानेदा या टोपणनावानं कुणीतरी बनावट दुसरा भाग छापून मोकळा झाला. 1615 साली सर्व्हांटेसचा खरा दुसरा भाग आला. त्यात काय आहे? त्यातल्या पात्रांनी पहिला भाग वाचलेला आहे! त्यांना कथेचा नायक असलेला हा वेडा सरदार आधीच ठाऊक आहे, म्हणून ती त्याच्याशी खेळतात, त्याची थट्टा करतात. तो बनावट भागसुद्धा कथेत येतो, आणि शेवटी लेखक नायकाला मरण देतो, म्हणजे पुन्हा कुणी चोरायला नको.

म्हणजे इथं दुसऱ्या भागाचं इंधनच पहिला भाग आहे. पहिलं पुस्तक जगात गेल्यावर जे झालं, ते त्यानं कथेत घेतलं. तुमची अक्कासुद्धा आता संमेलनात जाऊन आलेली आहे. कपाटातल्या बेचाळीस पानांत त्याचा उल्लेख आहे का? नसणार.

आणि भट्टीची उपमा अर्धीच दिलीत. माझे काका फाउंड्रीत होते, म्हणून विचारतो. कास्टिंगचे रनर-रायझर, म्हणजे रस ओतायच्या वाटांत गोठून राहिलेला जादा धातू, तोडून ते परत भट्टीतच जातात ना? त्याला रिटर्न म्हणतात. पहिल्या ओताचा उरलेला धातू दुसऱ्या ओतात असतोच की.

साचेवाला (उद्यमबाग)

लोंढेकर, रिटर्नचं बरोबर आहे, ते मी सांगायला हवं होतं. पण नुसत्या रिटर्नवर आम्ही चार्ज, म्हणजे भट्टीत घालायचा माल, लावत नाही. त्याला वाळू चिकटलेली असते, प्रत्येक वितळवणीत धातूची घडण थोडी सरकते. पिग आयर्न म्हणजे नवं कच्चं लोखंड घालावं लागतं, पोलादी भंगार घालावं लागतं, मग नमुना तपासायचा. माझ्या बेचाळीस पानांत शंभर टक्के रिटर्न होतं. सर्व्हांटेसनं दहा वर्षांचं आयुष्य घातलं, शिवाय त्या चोराबद्दलचा राग घातला. तो बाहेरून आलेला माल आहे. त्यामुळं माझं विधान थोडं बदलतो: पहिली कथा *एकटी* पुरत नाही.

शहापूरच्या मावशी, तुमचं ‘हक्कानं’ हे मनात राहिलंय. लगेच उत्तर नाही माझ्याकडं.

डोंगरापलीकडचा मास्तर (चंदगड)

मी साचेवाल्यांच्या बाजूनं, आणि त्यासाठी स्पेनला जायची गरज नाही.

संस्कृत नाटककार भवभूतीनं आधी ‘महावीरचरित’ लिहिलं. ते रामाच्या राज्याभिषेकापर्यंत येतं, वीररसाचं नाटक. मग ‘उत्तररामचरित’ लिहिलं. सुरुवातीलाच लक्ष्मण राम-सीतेला चित्रं दाखवतो, त्यांच्याच मागच्या आयुष्याची. म्हणजे पहिला भाग इथं भिंतीवर टांगलेला आहे. पात्रं त्याच्यापुढं उभी राहून हळवी होतात आणि थोड्याच वेळात लोकापवादाची बातमी येते. इथून पुढं रस बदलतो, सगळं करुण. शिवाय रामायणात सीता भूमीत जाते, भवभूती तिला रामाला परत भेटवतो. पात्रं तीच, कथेचा स्रोतही तोच, पण नाटक लिहिण्याचं कारण नवं. दुसरा भाग असा असतो.

आपल्याच बेळगावचं घ्या. प्रकाश नारायण संतांचं बालपण बेळगावात गेलं. लंपन या एका मुलावर त्यांचे चार कथासंग्रह आहेत. मी वर्गात त्यातल्या कथा कुठूनही उचलून वाचून दाखवतो, मुलं अडखळत नाहीत. एका कथेचं देणं दुसरीवर नाही. ‘पुढे चालू’ नाही. माझ्या मते हाच उत्तम मार्ग: पात्राकडं परत जावं, कथानकाकडं जाऊ नये.

मावशींना एकच सांगतो. वाचकाचा हक्क मी मानतो, पण तो वाचण्यापुरता. लेखकानं काय लिहावं हे वाचक ठरवू लागला की लेखणीचा हात थरथरतो.

मलप्रभाकाठ (बैलहोंगल)

माझी घरची भाषा कन्नड, मराठी मी बेळगावात कॉलेजला असताना वाचायला शिकलो. चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे पहिला भाग, दुसरा भाग यावर बोलताय. मला झऱ्याबद्दल बोलायचंय. आपल्या भागात झरा कुणाच्या हद्दीत फुटला हे विचारायची सोय नाही. महाभारतातला एकच ययाती. 1959 साली खांडेकरांनी त्याच्यावर मराठी कादंबरी लिहिली, 1961 साली गिरीश कार्नाडांनी कन्नड नाटक लिहिलं. खांडेकरांचं लक्ष भोगाच्या हव्यासावर, कार्नाडांचं बापाचं म्हातारपण घेणाऱ्या मुलावर आणि त्या मुलाच्या बायकोवर. कोण कुणाचा पुढचा भाग? कुणीच नाही. विष्णुदास भावेंनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, ते कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ तिथं झाल्यावर. अण्णासाहेब किर्लोस्कर तर आमच्याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे. त्यांनी कालिदासाचं ‘शाकुंतल’ 1880 साली मराठी संगीत नाटक म्हणून उभं केलं, पारशी मंडळींचं संगीत नाटक पाहिल्यावर.

आता अवघड गोष्ट. आमच्या बैलहोंगल भागात घडलेल्या खऱ्या खुनावर ‘संग्या-बाळ्या’ हा खेळ झाला. अजून गावोगाव होतो. लोक गाणी म्हणतात, रडतात. पण ती खरी माणसं होती. त्या घरच्या लोकांनी पहिला खेळ बघितला असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, हा विचार मला लहानपणापासून सतावतो. साचेवाले, तुमची अक्का कुणावरून घेतली? ती व्यक्ती हयात आहे का? असेल तर दुसऱ्या भागाचा प्रश्न ना तुमचा आहे, ना वाचकाचा.

साचेवाला (उद्यमबाग)

हो, हयात आहे. माझी आत्ती. तिनं तीस वर्षं वखारीत काढली. कथेतला पदर तिचाच. तिला कथा वाचून दाखवली तेव्हा ती काही बोलली नाही, चहा टाकायला उठली. मी ते संमती म्हणून धरलं.

वखारीच्या दारातली (निपाणी)

आई वखारीत होती, मावशी विड्या वळायची. म्हणून मला राहवत नाही.

मी तुमची ती कथा वाचलेली आहे. भाषा चांगली आहे, खकाण्याचं वर्णन खरं आहे. पण तुमची अक्का सगळ्या कथेत खोकते, शिंकते, सोसते, आणि शेवटी पळून जाते. निपाणीच्या बाया एवढंच करत होत्या का? 1980 च्या सुमारास वखारीतल्या आणि विडीच्या बायांनी इथं संघटना बांधली. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या शेतकऱ्यांनी पुणे-बेंगळूर हमरस्ता अडवला, एप्रिलमध्ये गोळीबार झाला, माणसं मेली. तुमच्या कथेचा काळ तोच आहे, बसचं तिकीट किती तेही दिलंय तुम्ही, पण रस्त्यावर बसलेली ती माणसं अक्काला खिडकीतून दिसतसुद्धा नाहीत.

म्हणून तुमची बेचाळीस पानं कोरडी गेली. पहिल्या कथेची प्रेरणा तुमची आत्ती नव्हती, आत्तीबद्दलची तुमची कणव होती. कणव एका कथेला पुरते. दुसऱ्या कथेला ते बाईमाणूस स्वतः लागतं.

चंदगडचे सर म्हणतात पात्राकडं परत जावं. मी म्हणते पात्राकडं नको, आत्तीकडं जा. आणि तिला कथा वाचून दाखवू नका. तिला विचारा.

डोंगरापलीकडचा मास्तर (चंदगड)

निपाणीच्या ताई, तुमचा राग रास्त आहे, पण प्रत्येक कथेनं आंदोलन दाखवलंच पाहिजे अशी अट घातली तर कथेचं पत्रक होईल. एका बाईच्या एका दिवसाची कथा अपुरी नसते.

वखारीच्या दारातली (निपाणी)

सर, आंदोलन दाखवा असं मी म्हटलंच नाही. तिला डोळे द्या एवढंच म्हणतेय.

साचेवाला (उद्यमबाग)

दहा दिवसांनी लिहितोय. आधीच्या रविवारी निपाणीला गेलो होतो. वही नेली नाही. आत्तीला विचारलं, “त्या दिवशी तू बसमध्ये चढलीस, मग कुठं उतरलीस?”

ती म्हणाली, “संकेश्वरला.”

नऊ वर्षं लिहितोय आणि हा शब्द मला माहीत नव्हता. मी तिला मनात बेळगावपर्यंत आणून सोडलं होतं. ती संकेश्वरला उतरली, रात्रभर तिथं राहिली आणि सकाळच्या बसनं परत निपाणीला आली. “का परत आलीस?” म्हटलं तर म्हणते, “आठवड्याचा पगार राहिला होता रे. आनि माजी चाळणी दुसऱ्या बाईनं घेटली असती.” मग बराच वेळ त्या चाळणीबद्दलच बोलत राहिली. प्रत्येकीची चाळणी ठरलेली असायची, जाळी सैल झाली की ती स्वतः तारेनं आवळायची, दुसरीला हात लावू द्यायची नाही. पगारवाढ मागायला गेलेल्या पहिल्या सात जणींत ती होती, हेही असंच मध्येच कळलं, चाळणीच्या बोलण्यात.

माझी कथा जिथं संपली, तिथं तिचं पळून जाणं नव्हतंच. म्हणजे मी शेवट उघडा ठेवला नव्हता. मला माहीत नव्हतं. मावशी, हे तुम्हीच आधी ओळखलंत.

बैलहोंगलच्या भावांना सांगायचं आहे की मी यावेळी विचारलं, लिहू का. ती म्हणाली, “पगाराचं लिही. पोरींच्या बापाचं लिहू नको.” तेवढं पाळणार आहे.

मूळ मताबद्दल: मी अजून तिथंच आहे. पहिल्या कथेतून दुसरी निघत नाही. ही निघाली ती संकेश्वरमधून.

पारावरची वाचक (शहापूर)

संकेश्वरमधून निघाली हे मान्य. पण तुम्ही तिला जो प्रश्न विचारलात, ‘कुठं उतरलीस’, तो कुणाचा? मांडवाबाहेर तुमचा हात धरणाऱ्या त्या आजीचा, शब्दाला शब्द. तिनं विचारलं नसतं तर तुम्ही निपाणीला गेला नसता.

आणि ती रात्र संकेश्वरात ती कुणाकडं राहिली? तेही विचारलंत की नाही?

साचेवाला (उद्यमबाग)

नाही विचारलं. येत्या रविवारी दुसरी शिफ्ट आहे, पण दुपारी दोनपर्यंत मोकळा आहे. सकाळच्या पहिल्या बसनं जातो.