डिस्कवर जागाच नाही, मग टार फाइल बनवायची कुठे?

लॉगपीडित:
मंडळी मदत हवीय. सर्व्हरवर लॉगचं फोल्डर आहे ८० जीबीचं आणि डिस्कवर शिल्लक जेमतेम ५. सगळं कॉम्प्रेस करून दुसऱ्या मशीनवर टाकायचं आणि इथलं उडवायचं असा प्लॅन आहे, पण आधी टार (सगळ्या फाइली एका फाइलीत बांधायच्या) मग जीझिप (ती दाबून लहान करायची) मग कॉपी असं करायला गेलं तर टार फाइल मावतच नाही. पाइपने, म्हणजे एका कमांडचं आउटपुट सरळ दुसरीला जोडून, थेट पाठवता येतं म्हणे, कसं? आणि अर्धवट गेलं तर कळणार कसं?

पाइपकर:
येतं की, एका ओळीचं काम आहे (एसएसएच दुसऱ्या मशीनवर कमांड चालवतं, बॅकअप हे त्या मशीनचं नाव धरलंय).
टार -सीएफ - लॉग्स | जीझिप | एसएसएच बॅकअप 'कॅट > लॉग्स.टार.जीझेड'
तो एकटा डॅश विसरू नका, त्यानेच टारला कळतं की फाइल बनवायची नाही, सगळं स्टँडर्ड आउटपुटवर ओतायचं. मग जीझिप ते उचलतं, दाबतं, पुढे ढकलतं, तुमच्या डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही. रॅमचंही टेन्शन नको, लिनक्सवर पाइपचा बफर डिफॉल्ट ६४ केबीच असतो, भरला की टार गप्प बसून राहतं आणि पुढच्याने उपसला की परत चालू.

रूटभाऊ:
जीझिप एकाच कोरवर चालतं हो, ८० जीबीला रडवेल. त्याजागी झेडएसटीडी -टी० हा दुसरा कॉम्प्रेसर टाका, सगळे कोर वापरतं आणि टेक्स्ट लॉगवर बहुतेक वेळा फाइलही लहान होते. एक्सझेड अजून दाबेल पण वेळ फार खातं, नेटवर्क अगदीच रडकं असेल तरच त्याच्या नादी लागा. आणि एसएसएचला वर -सी (त्याचं स्वतःचं कॉम्प्रेशन) देऊ नका, दाबलेलं परत दाबून फक्त सीपीयू तापतो.

शेलमास्तर:
उडवायच्या आधी हे वाचा. बॅश (कमांड चालवणारं शेल) पाइपलाइनमधल्या शेवटच्या कमांडचाच एक्झिट कोड (काम जमलं तर शून्य, नाहीतर दुसरा आकडा) देतं, म्हणजे टार मध्येच मेलं तरी तुम्हाला शून्य दिसेल आणि तुम्ही खुशाल आरएम मारून (फाइली उडवून) मोकळे. म्हणून आधी सेट -ओ पाइपफेल, मग मधली कमांड फसली तरी कळतं. आणि जीझिप -टी (फाइल धड आहे का बघणारी टेस्ट) वर विसंबू नका, टार अर्धवट थांबलं तरी जीझिपच्या दृष्टीने इनपुट संपलं, बास, तो फाइल व्यवस्थित बंद करतो आणि टेस्ट पास. खरी तपासणी म्हणजे परत आणून मूळ फाइलींशी ताडून बघा:
एसएसएच बॅकअप 'कॅट लॉग्स.टार.जीझेड' | टार -डीझेडएफ -
फरक नसेल तर काही न बोलता संपतं.

लॉगपीडित:
भारी! चालवलं, पण टार म्हणतंय वाचता वाचता फाइल बदलली, एक्झिट कोड १. गेलं का सगळं?

शेलमास्तर:
नाही हो, ग्नू टारमध्ये १ म्हणजे काही फाइली बदलल्या एवढंच, २ आला तर घाबरा. सर्व्हिस आत्ता ज्या लॉगमध्ये लिहितेय तोच असणार, तो --एक्सक्लूडने वगळून परत पाठवा आणि उडवतानाही त्याला हात लावू नका, प्रोसेसने उघडून ठेवलेली फाइल डिलीट केली तरी जागा मोकळी होत नाही.