क्लबच्या शर्यतींसाठी इलेक्ट्रॉनिक टायमिंग: चिप घ्यावी की कॅमेरा?

धावपट्टी: क्लबतर्फे ट्रॅकवर १०० ते १५०० मीटरच्या शर्यती होतात, शिवाय रस्त्यावरची १० किमी, सुमारे ३०० धावक. सध्या सगळं स्टॉपवॉचवर चालतं. एकाच सिस्टीममध्ये दोन्ही भागेल का?

अंतिमरेषा: नाही भागायचं. चिप म्हणजे आरएफआयडी टॅग, रेडिओ लहरींनी वाचला जाणारा. रेषेवर अंथरलेल्या मॅटचा अँटेना तो रेषेच्या अलीकडे-पलीकडे कुठेही वाचतो, आणि टॅग असतो बिबवर (धावकाच्या नंबरच्या कागदावर) नाहीतर बुटावर. १०० मीटरचा निकाल ठरतो धड रेषेला कधी पोचलं यावर, तोही सेकंदाच्या शंभराव्या भागात. तिथे फोटोफिनिशच हवा: अरुंद उभ्या फटीतून सेकंदाला १००० चित्रं टिपणारा कॅमेरा. १० किमीला चिप.
फोटोसेलच्या (किरण तुटला की वेळ नोंदवणाऱ्या सेन्सरच्या) फंदात पडू नका. पुढे आलेल्या हातानेही किरण तुटतो आणि तो कुठल्या लेनमधला हे कळत नाही. सरावात एकेकाला पळवायचं असेल तर ठीक.

धावपट्टी: मोबाईलवर व्हिडिओ काढून काम होईल?

अंतिमरेषा: क्रम लावायला होईल, वेळ द्यायला नाही. ६० फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेममध्ये १० मी/से वेगाचा धावक १७ सेंमी पुढे सरकतो. २४० फ्रेमला ४ सेंमी. पण खरा घोळ स्टार्टचा. पिस्तुलाचा आवाज १०० मीटर यायला जवळजवळ ०.३ सेकंद घेतो. रेषेपाशी आवाज ऐकून घड्याळ सुरू झालं तर सगळ्यांच्या वेळा तेवढ्या कमी लागतात! म्हणून पिस्तुलाला सेन्सर, आणि तिथून घड्याळापर्यंत केबल किंवा वायरलेस.

लेनचार: कॅमेरा रेषेच्या अगदी सरळ लांबीत, उंचावर लावा, म्हणजे जवळचा धावक लांबच्याला झाकत नाही. लेनच्या रेषा अंतिम रेषेला मिळतात तिथे काळा रंग द्या, जुळणी तपासायला तोच उपयोगी. सत्र सुरू करण्यापूर्वी झिरो टेस्ट: पिस्तूल अंतिम रेषेवर, कॅमेऱ्यासमोर उडवायचं. ज्वाळा शून्यावर दिसली पाहिजे, फरक ०.००१ सेकंदाच्या आत.
संध्याकाळच्या फायनल टाळा. १००० चित्रांना प्रकाश भरपूर लागतो, चित्र काळवंडलं की हिप नंबर (धावकाच्या कमरेच्या बाजूला लावलेले) वाचता येत नाहीत.
वेळ वाचताना वरच्या शंभराव्या भागात न्या: १०.०४१ म्हणजे १०.०५. हातघड्याळाच्या जुन्या वेळांशी थेट तुलना नको. १०० आणि २०० मीटरला हातघड्याळाच्या वेळेत ०.२४ मिळवूनच तुलना करतात.

बिबक्रमांक: १० किमीबद्दल. टॅग थेट अंगाला चिकटला की शरीरातलं पाणी लहरी शोषतं आणि तो वाचलाच जात नाही. फोमची पट्टी असलेला टॅग घ्या. बिब छातीवर, जॅकेटच्या वर, दुमडायचा नाही. पोटावरचा पाउच आणि त्यातला मोबाईल टॅगवर आला तरी तीच गत.
अंतिम रेषेवर एक मॅट, त्यामागे २-३ मीटरवर दुसरा, त्याला वेगळा रीडर (टॅग वाचणारं यंत्र) आणि वेगळी बॅटरी. पहिला बंद पडला तर दुसऱ्याच्या वेळा थोड्या जास्त असतील, पण असतील तरी. एक टॅग अनेकदा वाचला जातो, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये स्टार्टला शेवटचं रीडिंग धरा, फिनिशला पहिलं. स्टार्टपूर्वी मॅटपाशी गर्दी नको. लॅपटॉपची स्लीप बंद करा. शिवाय एक माणूस वही घेऊन बिब नंबर क्रमाने लिहील आणि रेषेवर व्हिडिओ चालू राहील, एवढं बघा.

धावपट्टी: म्हणजे आधी कॅमेरा, चिप भाड्याने?

अंतिमरेषा: ट्रॅकच्या स्पर्धा जास्त असतील तर हो. भाड्याने देणाऱ्याला आधी विचारा, कच्ची रीडिंग फाईल देणार का. आक्षेप आला की तीच लागते.